बदल्याचा पत्ता

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दौंड जंक्शनवर लहानपणी एक गंमत हमखास पाहायला मिळायची. मनमाडकडून आलेली गाडी पुण्याला जायची असली, की तिचे इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. तोवर प्रवासी खाली उतरून चहा घेत. गाडी हलली, की मघापर्यंत पुढे तोंड करून बसलेला माणूस आता पाठमोरा जाऊ लागे. डबा तोच, जागा तीच, शेजारीही तेच. दिशा तेवढी उलटी. आता कॉर्ड लाइन झाल्यामुळे बऱ्याच गाड्यांची ही कसरत वाचली आहे. पण मी शिरूरचा, घोडनदीच्या काठचा. एसटीने दौंडला जायचे आणि पुलावरून ती इंजिनाची अदलाबदल पाहायची, हा माझा सुटीतला कार्यक्रम असे. एका विशिष्ट प्रकारचे गुन्हेगारी चित्रपट पाहताना मला ते इंजिन आठवते. आज त्या चित्रपटांविषयी आणि त्यांच्या पोटात असलेल्या एका शब्दाविषयी बोलायचे आहे. तो शब्द म्हणजे ‘बदला’.

या चित्रपटांना ‘नॉयर’ म्हणतात. नॉयर हा फ्रेंच शब्द, अर्थ ‘काळा’. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी चित्रपट फ्रान्समध्ये पोचत नव्हते. युद्ध संपल्यावर ते एकदम आले, तेव्हा 1946 मध्ये तिथल्या समीक्षकांच्या लक्षात आले, की या गुन्हेगारी कथांचा रंग बदलला आहे. पडद्यावर रात्र जास्त, सावल्या जास्त, आणि नायक धुतल्या तांदळासारखा राहिलेला नाही. त्यांनी त्याला ‘फिल्म नॉयर’ हे नाव दिले. पुढे रंगीत चित्रपटांच्या काळात हीच वृत्ती घेऊन जे आले ते निओ-नॉयर, म्हणजे नवे काळे चित्रपट. 1967 चा ‘पॉइंट ब्लँक’ हे त्याचे गाजलेले उदाहरण. साथीदाराने गोळी घालून लुटीतला वाटा पळवलेला एक चोर जगतो आणि आपले 93 हजार डॉलर परत मागत फिरतो. गोष्ट एवढीच. पण ज्याच्याकडे जावे तो वरच्याकडे बोट दाखवतो, आणि पैसे नेमके कोणाकडून घ्यायचे हेच त्या माणसाला समजेनासे होते.

चोरांच्या सूडाची गोष्ट आपल्यासारख्या सरळमार्गी माणसांना का आवडावी? मला वाटते, ती चोरीची गोष्ट नसतेच. ती भागीदारीची गोष्ट असते. तुमच्या-माझ्या व्यवहारात कागद असतो, साक्षीदार असतात, कोर्ट असते. चोराला फिर्याद द्यायची सोय नाही. त्याच्या धंद्यात इमान हा एकच दस्तऐवज. तो फाटला, की उरतो फक्त सूड. ‘चोरावर मोर’ हे आपण हसत म्हणतो. त्या मोराचे पुढे काय होते, ते हे चित्रपट सांगतात.

आपल्याकडे हा प्रकार कसून हाताळणारे दिग्दर्शक म्हणजे श्रीराम राघवन. ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. त्यांचा ‘जॉनी गद्दार’ 2007 मध्ये आला. तो त्यांनी विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस या दोघांना अर्पण केला आहे. चेसच्या कादंबऱ्या एकेकाळी रेल्वे स्टेशनच्या बुकस्टॉलवर मिळत. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेली आमच्याकडची मुले पुढे इंग्रजी जमू लागले की चेसकडे वळत.

‘जॉनी गद्दार’मध्ये पाच भागीदार आहेत. प्रत्येकी 50 लाख, म्हणजे अडीच कोटी रुपये जमवून एका सौद्यासाठी बेंगळुरूला पाठवायचे ठरते. पाचांतला धाकटा विक्रम (नील नितीन मुकेश) ते पैसे वाटेतच उडवायचे ठरवतो. त्याला एका भागीदाराच्या बायकोला घेऊन पळून जायचे असते. जुन्या ‘परवाना’ चित्रपटातली रेल्वेची युक्ती पाहून त्याला कल्पना सुचते. बेत असा, की पैसे नेणाऱ्या शिवाला गाडीतच गुंगी द्यायची आणि बॅग घेऊन उतरायचे. खून करायचा नसतो. पण शिवा शुद्धीवर येतो, चेहरा पाहतो, आणि झटापटीत जीव गमावतो. मुंबईहून बेंगळुरूला जाणाऱ्या उद्यान एक्सप्रेससारख्या गाड्या आमच्या दौंडवरून जातात. त्यामुळे तो प्रसंग पाहताना माझे मन उगाच खिडकीबाहेर भीमेचा पूल शोधत राहते. पुढे पहिला खून लपवण्यासाठी दुसरा, दुसरा लपवण्यासाठी तिसरा. धर्मेंद्रने रंगवलेला वयस्क म्होरक्या शेषाद्रीही सुटत नाही.

आता शेवट सांगतो. ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांची क्षमा मागून. मारल्या गेलेल्या एका भागीदाराची विधवा आपल्या नवऱ्याचा सूड घ्यायला निघते. तिचा संशय असतो शार्दुल नावाच्या दुसऱ्याच भागीदारावर. ती गोळी झाडते ती शार्दुल समजून, आणि समोर असतो विक्रम. म्हणजे खरा गुन्हेगार मेला, पण चुकून. मारणारीला ते ठाऊकही नव्हते.

याच दिग्दर्शकाचा ‘बदलापूर’ 2015 मध्ये आला. मास्सिमो कार्लोत्तो या इटालियन लेखकाच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. पुण्यात एका बँकेवर दरोडा पडतो. पळताना दोन चोर एका बाईची मोटार पळवतात. त्यात ती आणि तिचा लहान मुलगा जिवाला मुकतात. लियाक (नवाझुद्दीन सिद्दीकी) सापडतो, त्याचा साथीदार हरमन पैसे घेऊन निसटतो. लियाक गोळी झाडल्याचा आळ साथीदारावर टाकतो, पण त्याचे नाव मात्र सांगत नाही. त्या बाईचा नवरा रघू (वरुण धवन) पुणे सोडतो, बदलापूरला येतो आणि पंधरा वर्षे थांबतो. दौंडहून मुंबईची गाडी धरली, तर पुणे, लोणावळा, कर्जत करत ती याच बदलापूरवरून पुढे जाते. घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून ते बदलापूर, असे सांगतात. चित्रपटात तिथे माणूस बदलतो.

रघू अखेर हरमनला गाठतो आणि त्याला व त्याच्या बायकोला ठार मारतो. मग त्याला कळते, की आपल्या बायकोला गोळी घातली होती ती लियाकनेच. आणि कॅन्सरने मरायला टेकलेला हा लियाक पोलिसांत जाऊन सांगतो, की हरमन आणि त्याची बायको यांचे खून मी केले. ज्याला मारायला रघू पंधरा वर्षे जगला, त्यानेच त्याला मोकळे केले. इथे दौंडचे इंजिन दुसऱ्या टोकाला लागते. आपण मघापासून फिर्यादीच्या बाजूला तोंड करून बसलेले असतो. गाडी सुटते आणि लक्षात येते, की खुनी आपल्या शेजारीच बसला आहे.

दोन्ही चित्रपटांत मला सारखेपण दिसते ते हे, की बदल्याला पत्ता सापडत नाही. एकदा तो चुकून बरोबर घरी जातो, एकदा ठरवून चुकीच्या घरी. आपल्याकडे ही गोष्ट जुनीच आहे. कीर्तनकार अश्वत्थाम्याची कथा सांगतात तेव्हा काय सांगतात? बापाच्या मृत्यूचा सूड घ्यायला तो रात्री छावणीत शिरतो आणि पांडव समजून द्रौपदीच्या झोपलेल्या मुलांना मारतो. काळोख, सूड आणि चुकलेला पत्ता. नॉयर म्हणतात ते आणखी वेगळे काय असते?

आता शब्दाकडे. ‘बदल’ अरबीतून आला. मूळ अर्थ एकाच्या जागी दुसरे. त्यापासून आपण बदल, बदली, अदलाबदल हे सगळे केले. तलाठ्याची बदली होते, गिरणीत बदली कामगार असतो. ‘बदला’ हाही त्याच घरातला. त्यात मुळात रक्त नाही, हिशेब आहे: गेले त्याच्या जागी तेवढेच परत. मराठीचा ‘सूड’ मात्र वेगळ्या जातीचा. आपण सूड ‘उगवतो’. हे क्रियापद शेतातले. हिशेब मिटतो, उगवलेले वाढत जाते. कुरआनानेही जिवाबद्दल जीव ही मर्यादा घालताना, जो सोडून देईल त्याच्यासाठी ते पापक्षालन ठरेल, असे सांगितले आहे. लहानपणी मला ती दुबळेपणाची सोय वाटे.

असे वाटण्याला कारण होते. माझे अब्बा शिरूरला एका मित्राबरोबर भागीदारीत भुसार मालाचे दुकान चालवत. एका हंगामात भागीदार सगळी रक्कम घेऊन रातोरात गेला. लिखापढी नव्हती, शब्दावर चाललेला धंदा. अब्बांनी दुसऱ्याच्या आडतीवर दिवाणजी म्हणून उरलेले आयुष्य काढले. मी तेव्हा कॉलेजात होतो. तो माणूस भेटला तर काय बोलायचे, याची वाक्ये मी जुळवून ठेवली होती. कवी असल्यामुळे ती चांगली जुळली होती.

वीसएक वर्षांनी तो मला दौंडच्या फलाटावर दिसला. अब्बा तोवर गेले होते. मी ओळखले ते त्याच्या बसण्याच्या ढबीवरून. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, हातात कापडी पिशवी. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्याने मान वर करून विचारले, “बाळा, मनमाडची गाडी इथंच लागती का रं?”

मी म्हणालो, “नाही चाचा, पलीकडच्या फलाटावर.” आणि त्याची पिशवी घेऊन पुलावरून त्याला पलीकडे पोचवले. नाव सांगितले नाही.

मी त्याला माफ केले, असे आपल्याला सांगितले तर ते खोटे होईल. ज्याच्यासाठी मी वाक्ये जुळवली होती, तो माणूस त्या बाकावर नव्हताच. दुसराच कोणी म्हातारा तिथे बसला होता. पण तेव्हापासून ‘बदलापूर’सारखा चित्रपट संपला, की आपल्याला काय वाटले असते, असा प्रश्न मला पडत नाही. मला आठवते अब्बांची लाल खातेवही. भागीदाराच्या नावाचे पान त्यांनी कधी फाडले नाही, आणि त्यापुढे काही लिहिलेही नाही.