आधी बोटांत, मग गल्ल्यात : रशियन माळेचा धंद्याला धडा

या वेळच्या व्हिडिओत बोलता बोलता माझ्या हातात चपट्या मण्यांची एक छोटी माळ फिरत होती, ती तुम्ही बघितली असेल. आज तिच्याबद्दलच बोलू. कारण अशी वस्तू दुकानात ठेवायची म्हटलं की नेहमीचं गणित चालत नाही.

ही माळ आहे तरी काय?

रशियात जपमाळेला ‘चोत्की’ म्हणतात. आपली ही माळ त्यातलीच, पण जपाची नाही, बोटांवरून उलटवायची. मणी गोल नसून चपट्या पट्ट्यांसारखे असतात. बऱ्याचदा ते दोन समांतर दोऱ्यांत ओवलेले असतात, त्यामुळे गरगर फिरत नाहीत, गठ्ठ्यासारखे एकत्र राहतात. आपल्या जपमाळेत १०८ मणी. इथे मोजकेच, म्हणजे माळ तळहातात मावते.

या माळेचं नाव सोव्हिएत काळातल्या तुरुंगांशी जोडलेलं आहे. कैदी हाताशी येईल त्यातून ती बनवायचे: प्लेक्सिग्लास, एबोनाइट, अगदी पाव मळून वाळवलेले मणीसुद्धा. गिऱ्हाइकाने विचारलं तर हे सरळ सांगा. ‘प्राचीन ध्यानमाळ’ किंवा ‘टेन्शन घालवणारी माळ’ असलं काही चिकटवू नका. खरी गोष्टच ऐकणाऱ्याला जास्त धरून ठेवते.

माल कसा पारखायचा?

पहिली गोष्ट, मोकळा दोरा. सगळे मणी एका बाजूला सरकवले की उरलेल्या दोऱ्यात बोट आरामात मावलं पाहिजे. दोरा ताणलेला असेल तर माळ उलटतच नाही. फार सैल असेल तर लोंबकळते. दुसरी, कडा. नखाला टोचली तर बोटालाही टोचणार. तिसरी, गाठ. दहा-बारा झटके देऊन बघा.

आणि हो, घाऊकवाल्याने ग्रीक ‘बेगलेरी’ पुढे केली तर ती वेगळी वस्तू आहे. बेगलेरीत एकच आखूड दोरा असतो आणि दोन्ही टोकांना मणी.

गिऱ्हाईक माळ विकत घेत नाही

मग काय घेतं? ‘अरे, मला जमलं!’ हे घेतं.

यो-योचा इतिहास बघा. पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनो माणसाने 1928 मध्ये कॅलिफोर्नियात यो-योचा कारखाना काढला आणि स्पर्धा भरवून खप वाढवला. पुढे डंकन कंपनीने तो धंदा विकत घेतला आणि गावोगाव खेळ करून दाखवणारी माणसं पाठवली. आता 2017 चा फिजेट स्पिनर आठवा. तो फिरवायला शिकावं लागत नव्हतं. घेतला, फिरवला, संपलं. लाट वर्षभरातच ओसरली. ज्यात पुढची पायरी असते, तिथे गिऱ्हाईक परत येतं.

म्हणून काउंटरवर एक नमुना उघडा ठेवा आणि ही एकच उलटी शिकवा:

1. माळ तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत धरा. अर्धे मणी तळहाताकडे, अर्धे हाताच्या पाठीकडे.
2. तळहाताकडचे मणी अंगठ्याने दाबा.
3. मनगटाला हलका झटका द्या. पाठीकडचे मणी तर्जनीवरून फिरून तळहातात येतात.
4. उलटा झटका दिला की परत जागेवर.

आधी तुम्ही करा, मग माळ त्याच्या हातात द्या. चुकला तर हिसकावून दाखवायला जाऊ नका. थांबा. जमेल.

पैसा किती अडकवायचा?

समजा, नग 60 रुपयांना पडला आणि 120 ला विकायचाय. शंभर नग उचलले तर 6000 अडकले, आणि पन्नास विकेपर्यंत तुमचाच पैसा तुम्हाला परत मिळत असतो. नफा नंतर. दहाच नग घेतले तर पणाला लागतात फक्त 600. आधी दहा घ्या, आणि वहीत दोन आकडे लिहा: किती जणांनी हातात घेतली, किती जणांनी विकत घेतली. वीसजणांनी हातात घेऊन एकानेच घेतली असेल तर माल बदलण्याआधी शिकवण्याची पद्धत बदला.

नियम विसरू नका

1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. ‘मुलांचं खेळणं’ म्हणून विकायची असेल तर मार्क तपासल्याशिवाय माल उचलू नका. बारक्या पोरांच्या हाती तर नकोच. दोरा तुटला तर मणी तोंडात जातात.

या आठवड्याचं काम: एक माळ घ्या आणि रोज दहा मिनिटं उलटवा. तुमच्या बोटांत ती सहज फिरायला लागली की मगच ऑर्डरचा फोन लावा. चला, भेटू पुढच्या भागात!