परसातील अळी आणि आपले पहिले शील

आपण त्रिशरण-पंचशील ग्रहण करतो. त्यातील पहिले शील प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे आहे. परंतु पावसाळ्यात परसातील कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या की आपला हात बहुधा चपलेकडे किंवा औषधाच्या पंपाकडे जातो. याविषयी अनुभवाचे चार शब्द आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या विहारामागे भाजीची लहानशी बाग आहे. काही वर्षांपूर्वी संस्कार वर्गातील मुलांना आम्ही सांगितले, "अळ्या मारू नका, उचलून दूर ठेवा." मुलांनी कढीपत्त्यावरील सात अळ्या अलगद उचलून वांग्याच्या झाडावर ठेवल्या. तिसऱ्या दिवशी त्या सर्व मेलेल्या आढळल्या. एक लहान मुलगी रडत म्हणाली, "आम्ही तर मारल्या नव्हत्या." चूक मुलांची नव्हती, आमची होती. करुणा शिकविताना तिला ज्ञानाची जोड द्यावयास आम्ही विसरलो होतो.

झाले ते असे. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या ठरावीक वनस्पतींचीच पाने खातात. कढीपत्त्यावर आढळणारी अळी बहुधा लिंबाच्या फुलपाखराची असते. तिला कढीपत्ता, लिंबू, मोसंबी, बेल अशीच झाडे चालतात. वांग्यावर ती उपाशी मरते. मादी आपल्या पायांनी पान चाचपून त्याची चव घेते आणि योग्य झाड सापडल्यावरच कोवळ्या पानावर मोहरीहूनही लहान, फिकट पिवळे, गोल अंडे घालते. उबदार हवेत तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. प्रथम ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते. डिवचल्यास डोक्यामागून शिंगासारखा अवयव काढून उग्र वास सोडते. तो वास निरुपद्रवी आहे, घाबरू नये. दोन-तीन आठवडे खाऊन झाल्यावर ती कोष करते व साधारण आठ-दहा दिवसांनी फुलपाखरू बाहेर पडते. म्हणजे उपद्रव असतो तो दोन-तीन आठवड्यांचाच.

यावरून आम्ही पुढील पद्धती ठरविल्या.

पहिली गोष्ट, कढीपत्त्याचे एक जादा रोप कुंपणाशी लावावे. ते फुलपाखरांच्या वाट्याचे. घरच्या झाडावरील अळी हाताने न ओढता पानासकट खुडावी व ते पान त्या रोपाच्या कोवळ्या पानांना टेकवून ठेवावे. अंडेही असेच हलवावे. ते खरवडल्यास फुटते. केसाळ अळीला उघड्या हाताने स्पर्श करू नये, खाज सुटते.

दुसरी गोष्ट, कोबी व पालेभाजीची रोपे प्रथमपासून जुन्या मच्छरदाणीखाली वाढवावीत. अंडीच पडली नाहीत तर मारण्याचा प्रश्नच उरत नाही. काकडी, दुधी यांना मात्र फुले येताच जाळी काढावी, नाहीतर मधमाश्या पोहोचत नाहीत व फळ धरत नाही.

तिसरी गोष्ट, कोबीच्या पानामागे तपकिरी केसांनी झाकलेला अंड्यांचा पुंजका दिसला तर तो पाने खाणाऱ्या पतंगाचा असतो. त्याची पिले सुरुवातीस एकाच पानावर घोळक्याने राहतात, तेव्हाच ते पान काढून कुंपणाच्या एरंडावर ठेवावे. एरंड त्यांना आवडतो.

चौथी गोष्ट, अळीच्या अंगावर कापसासारखे बारीक कोष दिसले तर ते लहान गांधीलमाश्यांचे असतात. त्यांना हात लावू नये. बुलबुल, दयाळ हे पक्षीही आपल्या पिलांना अळ्याच भरवितात. अळ्यांची संख्या निसर्गच आवरतो.

कडुनिंबाचा अर्क चालेल काय, असे अनेक जण विचारतात. तो झाडापासूनचा असला तरी अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवितो. अळीच्या दृष्टीने तो मारकच आहे, हे जाणूनच निर्णय घ्यावा.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. ज्याचे पोटच शेतीवर आहे, त्याने काय करावे? परसात चार पाने गेली तर आपण उपाशी राहत नाही, शेतकऱ्याचे मात्र वर्ष जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. म्हणून शेतकऱ्यास दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु आपल्या परसात गरज किती आणि सवय किती, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

वर्षावासाची प्रथाही याच विचारातून आली. पावसात फिरणाऱ्या भिक्षूंच्या पायांखाली हिरवे अंकुर व बारीक जीव तुडविले जातात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा तथागतांनी भिक्षूंना पावसाळ्यात एका जागी राहण्यास सांगितले.

पुढल्या वर्षी त्याच मुलीने जादा रोपावर पाच अळ्या हलविल्या. दोन पक्ष्यांनी नेल्या, तिघींनी कोष केले. एका सकाळी कोषातून निघालेले फुलपाखरू पंख वाळवीत बसले होते आणि वंदनेला आलेली सर्व मुले त्याच्याभोवती गप्प उभी होती. त्या दिवशी पहिल्या शिलावर वेगळे प्रवचन द्यावे लागले नाही. वाचकांनीही यंदा कढीपत्त्याचे एक रोप जादा लावावे, एवढीच विनंती.