गरुडाच्या छातीवरचे ठिपके

ताडोब्यात पक्ष्यासाठी जिप्सी थांबवायची तर आधी गाडीतल्या बाकीच्यांची मनधरणी करावी लागते. सहांपैकी पाच जण वाघासाठी आलेले असतात. त्यांना ऐनाच्या फांदीवरचा गरुड दाखवला की ते सभ्यपणे मान हलवतात आणि घड्याळाकडे बघतात. म्हणून शिकारी पक्ष्यांच्या नादी लागलेली मंडळी शक्यतो आपल्यासारखेच तीन-चार जण जमवून अख्खी गाडी घेतात. खिशाला चाट बसते, पण एका झाडाखाली पाऊण तास उभं राहिलं तरी कुणी कुरकुरत नाही.

हे काम उन्हाळ्याचं. पावसाळ्यात कोअर बंद असतं, आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने पानं इतकी दाट असतात की आवाज येतो पण पक्षी दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चात साग उघडा पडला की चित्र बदलतं. सर्पगरुड, मोरघार, मोहोळघार, शिक्रा, पांढऱ्या डोळ्यांचा तिसा हे सगळे निष्पर्ण फांद्यांवर लांबून ओळखू येतात. ताडोबा तलावाच्या काठावर मत्स्यगरुड ठरलेल्या झाडावर बसलेला सापडतो. जामनी, नवेगाव ही गावं उठून गेल्यावर त्यांच्या शेतांची कुरणं झाली. त्या कुरणांच्या कडेची झाडं तर या पक्ष्यांच्या आवडीची: समोर मोकळं गवत, त्यात उंदीर, सरडे, साप.

जंगलात गाडीतून उतरता येत नाही, त्यामुळे ट्रायपॉड घरी ठेवायचा. जिप्सीच्या दांडीवर बीन बॅग टाकायची आणि तिच्यावर लेन्स. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगायचं, कारण सहाशेच्या लेन्सला इंजिनाची थरथरही सहन होत नाही. गाडीत एक जण जरी कूस बदलला तरी फ्रेम हलते.

ताडोब्यात आता आसपासच्या गावांतल्या बायकाही गाईड म्हणून काम करतात. मोहर्लीच्या बाजूला अशाच एका ताईंबरोबर आम्ही सर्पगरुडासमोर उभे होतो. बांबूच्या सावलीत, जमिनीपासून फार तर तीन माणसं उंचीवर तो बसला होता. मानेमागची काळी-पांढरी शेंडी अर्धवट फुललेली, चेहऱ्याची उघडी कातडी हळदीपिवळी. बराच वेळ त्यानं काहीच केलं नाही. एकदा डावा पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतला, मग पुन्हा खाली ठेवला. बसलेल्या पक्ष्याला शटर १/५०० पुरतं, म्हणून आम्ही सगळे तिथेच निवांत होतो. तेवढ्यात ताई हळूच म्हणाल्या, "भाऊ, बीट टाकली पाहा. आता उडते थो."

शिकारी पक्षी झेप घेण्याआधी पुष्कळदा विष्ठा टाकतो, अंग किंचित पुढे झुकवतो आणि वाऱ्याच्या दिशेला तोंड करतो. या तीन गोष्टी दिसल्या की हातात दोन-तीन सेकंद असतात. तेवढ्यात शटर १/२५०० वर न्यायचं, आयएसओ वाढू द्यायचा आणि पक्ष्याला फ्रेममध्ये जागा द्यायची. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. बसलेला गरुड फ्रेम भरून घेतलेला असतो, पंख उघडले की दोन्ही टोकं कापली जातात. झूम लेन्स असेल तर ती मागे घ्यायची. नसेल तर पंख कापले जाणार हे गृहीत धरून चेहऱ्यावर लक्ष ठेवायचं. हल्लीचे कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतःच शोधतात, पण मधे बांबूची काडी आली की डोळा सोडून काडी पकडतात. तिथे ताईंची सूचनाच कामाला येते.

साडेनऊनंतर गंमत होते. ऊन तापलं की हवेचे गरम झोत वर चढतात, आणि त्यांवर स्वार होऊन मोहोळघारी आणि सर्पगरुड आभाळात घिरट्या घालू लागतात. पक्षी सगळ्यात देखणा दिसतो तो याच वेळी, आणि नेमका याच वेळी कॅमेरा निकामी होतो. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो. जमिनीलगतची हवा उकळल्यासारखी थरथरते आणि लांबच्या पक्ष्याच्या पिसांची कड विरघळून जाते. महागड्या लेन्सनंही हे टळत नाही. डोक्यावरून जाणारा पक्षी मात्र टिपता येतो, कारण मधली हवा तुलनेनं स्थिर असते. उजळ आभाळ पाहून कॅमेरा पक्ष्याचं पोट काळं करून टाकतो, म्हणून एक ते दीड स्टॉप प्रकाश मुद्दाम जास्त द्यायचा. आभाळ पांढरं पडलं तरी चालतं, पंखाखालचे पट्टे दिसले पाहिजेत.

ते पट्टे का दिसले पाहिजेत, हे घरी मॉनिटरसमोर बसल्यावर कळतं. मोहोळघार आणि मोरघार लांबून फसवतात. मोहोळघारीचं डोकं लहान, मान लांबट, जवळजवळ कबुतरासारखी, नराचा डोळा गडद आणि मादीचा पिवळा. उडताना पंखाच्या टोकाला सहा 'बोटं' सुटी दिसतात. मोरघार अंगानं भारदस्त, डोकं मोठं, आपल्याकडच्या पक्ष्यांत डोक्यावर लांब शेंडी. शिक्र्याच्या नराचा डोळा लाल, तिशाचा पांढरा, पण तिशाच्या पिल्लाचा तपकिरी. म्हणजे पक्ष्याचं नाव, लिंग, वय हे सगळं डोळ्याच्या रंगात, शेपटीच्या पट्ट्यांत आणि पिसांच्या बोटांत लिहिलेलं असतं. एडिटिंग करताना नेमक्या याच गोष्टींवर आपला हात फिरतो.

त्या सर्पगरुडाचंच घ्या. बर्स्टमध्ये फ्रेमचा ढीग जमला होता. आधी डोळा आऊट असलेल्या फ्रेम काढल्या. मग डोळ्यावरचा पातळ पडदा अर्धा ओढलेल्या काढल्या; त्या फ्रेममध्ये पक्षी आंधळा वाटतो. शेवटी दोन उरल्या. त्यांतली एक उघडली तर आख्खा गरुड हिरवट. बांबूच्या पानांतून गाळून आलेला प्रकाश असाच असतो. रंगछटेचा स्लायडर किरमिजीकडे नेला की छाती सुधारते, पण मागची पानं मेल्यासारखी दिसू लागतात. म्हणून फक्त पक्ष्यावर मास्क लावायचा आणि छातीवरचे पांढरे ठिपके खरोखर पांढरे झाले की तिथेच थांबायचं.

सर्पगरुडाच्या तपकिरी पोटावर हे बारीक पांढरे ठिपके असतात, काळसर कडेचे. पहाटेच्या अंधुक उजेडात आयएसओ ३२०० च्या वर गेलेला असतो, फोटोत दाणे दिसतात, आणि सॉफ्टवेअर म्हणतं, एक बटण दाबा, सगळं गुळगुळीत करून देतो. दाबलं की दाण्यांबरोबर ठिपकेही जातात. उरतो तो एकरंगी तपकिरी, मखमली, सुंदर आणि खोटा गरुड. म्हणून मागच्या धूसर हिरव्यावर दाणे काढण्याचं प्रमाण भरपूर आणि पक्ष्यावर अगदी थोडं. थोडे दाणे राहिले तर राहू द्यावेत. पिवळ्या चेहऱ्याचंही तसंच. रंग गडद करण्याच्या भरात लाल चॅनेल कापला जातो आणि कातडीच्या बारीक सुरकुत्या जाऊन तिथे सपाट पिवळा डाग उरतो.

हे सगळं करायला रॉ फाईलच हवी. १४ बिटच्या रॉ फाईलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. सावलीतला गरुड उजळायचा तर या जास्तीच्या पायऱ्याच उपयोगी पडतात. मोठ्या स्पर्धांत शेवटच्या फेरीत मूळ रॉ मागतात, हेही लक्षात असू द्यावं.

माझा खरा राग आहे तो एआयनं धार लावणाऱ्या सॉफ्टवेअरवर. उन्हाच्या थरथरीत विरघळलेली पिसं ते परत आणत नाही, नवी काढून देतं. शेपटीला दोन पट्टे असतील तर तीन करतं, आणि पाहणारा त्या तीन पट्ट्यांवरून पक्ष्याचं नाव ठरवतो. भिंतीवर लावायच्या फोटोतली आडवी काडी कुणी पुसली तर माझी हरकत नाही. नोंद म्हणून द्यायच्या फोटोत एक पीसही नवं आलेलं चालणार नाही.

धुरकटपणा घालवणाऱ्या 'डीहेझ'चंही थोडं असंच. हिवाळ्यात इरई धरणाच्या फुगवट्यावर मीनखाई घार येते. हे पाणी चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्रासाठी अडवलेलं. सकाळी तिथलं आभाळ करडं असतं. स्लायडर ओढून ते निळंशार करणारे बरेच आहेत. मी ते करडंच ठेवतो. चंद्रपूरचं आभाळ तसंच आहे.

शेजारच्या गडचिरोलीत सफारीची सोय फारशी नाही, आणि मला ते बरंच वाटतं. धान कापून झाल्यावर रिकाम्या बांध्यांवर कापशी घार एका जागी पंख फडफडवत हवेत थांबते, तर मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठानं दलदली भोवत्या गवताला घासत जातो. पण लांब नळीची लेन्स घेऊन अनोळखी माणूस धुऱ्यावर आडवा पडलेला दिसला तर गावात शंका येणारच. आधी पोलीस पाटलाला आणि वनरक्षकाला सांगून जावं. उलट तेच सांगतात, पक्षी कुठे बसतो ते.

याच जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यातल्या कुनघाड्याच्या बाजूला, पांढऱ्या पाठीची गिधाडं टिकून राहिली. जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन ती मेली. १९९२ ते २००७ या काळात देशातली ९९ टक्क्यांहून जास्त नाहीशी झाली. जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. वनविभागानं गडचिरोलीत गिधाडांसाठी उपाहारगृहं चालवली, म्हणजे मेलेली जनावरं ठरलेल्या जागी टाकायची. ताडोब्यात २०२४ च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून अशी १० गिधाडं बोटेझरीला आणली, आणि ऑगस्टमध्ये पाठीवर जीपीएस यंत्र लावून सोडली. त्यांतलं एक थेट तमिळनाडूपर्यंत उडत गेलं.

गिधाडाची पांढरी पाठ बसलेलं असताना दिसत नाही. ते वळताना कलतं तेव्हा दिसते, म्हणून वाट पाहायची ती वळणाची. ऑक्टोबर ते मार्च या काळात घरटं असतं, अंडं एकच. झाडाखाली माणसं उभी राहिली आणि जोडी उठून गेली, तर त्या वर्षीचं पिल्लू गेलं. घरट्याचा फोटो कितीही चांगला येणार असला तरी काढू नका.

या दोन जिल्ह्यांत कुठेही पाठीवर यंत्र किंवा पायात कडं असलेलं गिधाड दिसलं तर लांबूनच एक फोटो घ्या, कड्यावरचा क्रमांक वाचता येतो का बघा आणि जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाला त्याच दिवशी कळवा. फोटो लोकांना दाखवताना फाईलमधलं लोकेशन काढून टाका. खाली जिल्ह्याचं नाव लिहिलंत तरी पुरे.