नव्या प्रांतात हंगामाचा शुभारंभ : ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा एक प्रयोग

मेलबर्न, सिडनी व ब्रिस्बेन येथील मैदाने आपल्याकडील क्रीडारसिकांना क्रिकेटमुळे परिचित आहेत. मार्च महिना उजाडला की यांपैकी अनेक मैदानांवर क्रिकेटची जागा ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा सर्वस्वी वेगळा खेळ घेतो. लंबवर्तुळाकार मैदान, प्रत्येक बाजूस १८ खेळाडू, अंडाकृती चेंडू आणि हात व पाय या दोहोंचा वापर ही त्याची वैशिष्ट्ये होत. या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेने २०२४ मध्ये हंगामाचे पहिले सामने मेलबर्न या माहेरघराऐवजी न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलँड या राज्यांत भरविले. परंपरा नसलेल्या प्रदेशात हंगामाचा नारळ फोडल्याने खेळ तेथे रुजतो काय, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

एका देशाचे दोन क्रीडाप्रांत

या खेळाचे नियम १८५९ मध्ये मेलबर्न येथे लिहिले गेले. व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया व टास्मानिया येथे तो घरोघरी पोचला. न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलँड या राज्यांनी मात्र रग्बी आपलीशी केली. इयान टर्नर या प्राध्यापकांनी १९७८ मध्ये या दोन प्रांतांमधील काल्पनिक सीमेस ख्यातनाम खेळाडू रॉन बरासी यांच्या नावावरून ‘बरासी रेषा’ असे नाव दिले आणि ते रूढ झाले.

या रेषेपलीकडील दोन राज्यांत देशाची सुमारे निम्मी लोकसंख्या राहते. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपण हक्कांवर चालणाऱ्या संघटनेला या प्रदेशाकडे पाठ फिरविणे परवडणारे नव्हते. म्हणून १९८२ मध्ये साउथ मेलबर्न हा क्लब सिडनी येथे हलविण्यात आला. १९८७ मध्ये ब्रिस्बेनचा, २०११ मध्ये गोल्ड कोस्टचा आणि २०१२ मध्ये पश्चिम सिडनीचा क्लब स्पर्धेत उतरला. एकूण १८ क्लबांपैकी १० व्हिक्टोरियातील असून या दोन राज्यांत चार आहेत.

प्रयोगाचे स्वरूप

मार्च २०२४ च्या पहिल्या फेरीत हे चारही क्लब यजमान होते. त्यांच्यासमोर मेलबर्न, कार्लटन, रिचमंड व कॉलिंगवुड हे व्हिक्टोरियातील जुने क्लब उभे करण्यात आले. उरलेल्या संघांचा हंगाम पुढील आठवड्यात सुरू झाला. सिडनी क्रिकेट मैदानावर सुमारे ४० हजार, तर पश्चिम सिडनीतील लहान मैदानावर सुमारे २१ हजार प्रेक्षक उपस्थित होते. यजमानांपैकी तिघांनी विजय मिळविला. ब्रिस्बेनचा संघ अवघ्या एका गुणाने पराभूत झाला. आरंभ उत्साहवर्धक होता, यात शंका नाही.

तथापि, केवळ गर्दीवरून निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. कॉलिंगवुडसारख्या क्लबचे पाठीराखे देशभर विखुरलेले आहेत. दक्षिणेतून उत्तरेत स्थायिक झालेली कुटुंबेही आपल्या जुन्या संघासाठी मैदानावर येतात. अशा प्रेक्षकांमुळे आसने भरतात. परंतु खेळाला नवा पाठीराखा मिळतोच असे नाही.

अडचणी व आक्षेप

या योजनेवर आक्षेपही घेण्यात आले. काही संघ आधी खेळल्याने विश्रांतीच्या आठवड्यांची विभागणी असमान झाली. खेळ जेथे जन्मला त्या मेलबर्नच्या प्रेक्षकांना आठवडाभर थांबावे लागले. शिवाय मार्चचा आरंभ हा क्वीन्सलँडमध्ये चक्रीवादळांचा काळ असतो. मार्च २०२५ मध्ये ‘आल्फ्रेड’ चक्रीवादळामुळे तेथील दोन्ही सामने पुढे ढकलणे भाग पडले. पुढे २०२६ च्या हंगामासाठी प्रारंभीच्या फेरीत मेलबर्न येथील एका सामन्याचाही समावेश करण्यात आला.

वेलिंग्टनचा धडा

यजमान प्रदेशाचा स्वतःचा क्लब नसेल तर काय घडते, याचे उत्तर न्यूझीलंडने दिले आहे. सेंट किल्डा या मेलबर्नच्या क्लबने २०१३ ते २०१५ या काळात दर वर्षी एक सामना वेलिंग्टन येथे खेळला. पहिल्या वर्षी सुमारे २२ हजार प्रेक्षक आले. दुसऱ्या वर्षी ही संख्या सुमारे १३ हजारांवर आणि तिसऱ्या वर्षी सुमारे १२ हजारांवर घसरली. त्यानंतर हा उपक्रम थांबला. नवलाई ओसरली आणि वर्षाचे उरलेले दिवस त्या खेळाची आठवण करून देणारे गावात कोणी नव्हते.

रुजवणीची खरी साधने

सिडनी व ब्रिस्बेन येथे स्थिती निराळी आहे. तेथील क्लब वर्षभर तेथेच असतात. आपापल्या प्रदेशातील मुलांसाठी त्यांनी प्रशिक्षण प्रबोधिनी चालविल्या असून तेथे तयार झालेले युवक क्लबमध्ये घेण्याबाबत त्यांना विशेष सवलत आहे. न्यू साउथ वेल्समध्ये वाढलेला आयझॅक हीनी हा सिडनीचा अग्रगण्य खेळाडू अशाच प्रबोधिनीतून पुढे आला.

यशाचाही वाटा मोठा आहे. सिडनीने २००५ व २०१२ मध्ये, तर ब्रिस्बेनने २००१ ते २००३ अशी सलग तीन वर्षे व पुन्हा २०२४ आणि २०२५ मध्ये विजेतेपद मिळविले. २०२४ च्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले. गोल्ड कोस्टला मात्र बाद फेरी प्रथम गाठण्यास २०२५ साल उजाडावे लागले. हा त्या क्लबचा पंधरावा हंगाम होता. पश्चिम सिडनीचा संघ २०१९ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोचला, तरी त्याची प्रेक्षकसंख्या तुटपुंजीच राहिली.

खर्च कोणासाठी?

गोल्ड कोस्टचे मैदान मुख्यतः सरकारी निधीतून नव्याने बांधण्यात आले. २०१८ च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठीही त्याचा उपयोग झाला, ही जमेची बाजू. परंतु पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ जपणाऱ्या टास्मानियाला स्वतःच्या क्लबचा परवाना २०२३ मध्ये मिळाला आणि प्रवेशासाठी २०२८ चा हंगाम ठरला. नव्या प्रदेशाचे स्वागत करताना जुन्या घराची उपेक्षा झाली, ही टास्मानियातील भावना निराधार म्हणता येणार नाही.

सारांश, शुभारंभाचे सामने हे पेरणी नव्हेत. ते पेरलेल्या पिकाला दिलेले पाणी आहे. जेथे क्लब, प्रबोधिनी आणि मैदान आधीपासून उभे आहे तेथे त्यांचा लाभ दिसतो. जेथे हे काहीच नाही तेथे पाणी वाहून जाते. सिडनीला चाळीस वर्षे लागली. चार दिवसांच्या उत्सवाकडून त्याहून अधिक अपेक्षा बाळगणे इष्ट नाही.