वाळूत दडणारा वाम मासा : नव्या मत्स्यपेटीतील अनुकूलन आणि अध्यापनातील उपयोग

प्रास्ताविक

भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा म्हणून सर्वपरिचित आहे. कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधलेले आणि पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागलेले जलसाठे, त्याचप्रमाणे गावोगावच्या लहान बोड्या यांमुळे लाखनी व साकोली परिसरातील महाविद्यालयांना गोड्या पाण्यातील जीवांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा दाराशीच उपलब्ध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि २०१४ मध्ये ते पूर्णतः थांबविण्याची सूचना दिली. त्यानंतर जिवंत प्राण्याचे निरीक्षण या अध्यापनपद्धतीचे महत्त्व साहजिकच वाढले. परंतु जिवंत प्राणी प्रयोगशाळेत आणणे आणि तो तेथे जगविणे या दोन भिन्न गोष्टी होत. प्रस्तुत लेखात वाम या लाजाळू व वाळूत दडणाऱ्या माशाच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार केला आहे.

वाम माशाचा परिचय

वाम हा मास्टासेम्बेलिडी या कुलातील मासा होय. कोकणात समुद्रातील एका लांब माशासही वाम म्हणतात. परंतु तो सर्वस्वी निराळा आहे. गोड्या पाण्यातील वाम सर्पाकृती दिसत असला तरी जीवशास्त्रीय दृष्ट्या तो खरा ईल नव्हे. त्याच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते, श्रोणिपक्ष नसतात आणि मुस्कटाच्या टोकाशी एक मांसल, हलणारी सोंड असते. सोंडेच्या दोन्ही बाजूंस नळीसारख्या नासिका असल्याने अंधारातही गंधाच्या आधारे त्यास भक्ष्य शोधता येते. मॅस्टासेम्बेलस आर्मेटस ही मोठी जाती ९० सेंटीमीटरपर्यंत वाढू शकते; म्हणून ती प्रयोगशाळेतील पेटीस योग्य नाही. त्या तुलनेत मॅक्रोग्नॅथस पॅनकॅलस ही जाती साधारणतः १८ सेंटीमीटरच्या आतच राहते.

या दुसऱ्या जातीचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात केले. तिच्या नावातील ‘पॅनकॅलस’ हा शब्द बंगालीतील ‘पांकाल’ या लोकनामावरून आला असून त्याच्या मुळाशी चिखल या अर्थाचा ‘पंक’ हाच शब्द आहे. चिखलात राहूनही अंगाला चिखल लागू न देणाऱ्या या माशाचा दृष्टान्त श्रीरामकृष्ण परमहंस संसारी साधकासाठी देत असत. हा मासा दिवसा तळातील वाळूत किंवा गाळात शिरून केवळ डोळे व सोंड बाहेर ठेवतो आणि रात्री कृमी, कीटकांच्या अळ्या व लहान कवचधारी जीव टिपतो. दडणे हा त्याचा आजार नसून तीच त्याची जीवनपद्धती आहे, ही बाब पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

मत्स्यपेटीची पूर्वतयारी

१) तळ : काचेच्या पेटीत सामान्यतः रंगीत, टोकदार खडी घातली जाते. वाम माशाचे खवले अतिशय बारीक असल्याने खडीत शिरण्याच्या प्रयत्नात त्याची त्वचा खरचटते आणि त्या जखमांतून बुरशी व जिवाणूंचा संसर्ग होतो. म्हणून बारीक, गोलसर कणांची नदीची वाळू ६ ते ८ सेंटीमीटर जाडीच्या थरात पसरावी. वाळू पाणी नितळ होईपर्यंत धुवावी. तिच्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकून पाहावेत. फेस आल्यास तीत चुन्याचा अंश आहे असे समजून ती वापरू नये. वाळूत प्राणवायूरहित थर साचू नयेत यासाठी आपल्या तलावांतच आढळणाऱ्या मेलॅनॉइडिस या शंकूच्या आकाराच्या गोगलगाई उपयुक्त ठरतात.

२) पाणी : नव्या पेटीत माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया साचतो. त्याचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जिवाणूंची वाढ होण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. वाम मासा तळाशी राहणारा व नाजूक त्वचेचा असल्यामुळे त्यास या कालावधीनंतरच पेटीत सोडावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन अगोदर काढून टाकावे. तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस असावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे पेटी खिडकीपासून दूर ठेवणे आणि वीज गेल्यास हवेच्या पंपाची पर्यायी व्यवस्था करणे अगत्याचे आहे.

३) आकार व झाकण : ९० × ४५ × ४५ सेंटीमीटरची, म्हणजे सुमारे १८० लिटर पाण्याची पेटी दोन-तीन लहान वाम माशांस पुरेशी होते. वाम मासा अरुंद फटीतूनही निसटतो. म्हणून झाकण घट्ट असावे आणि नळ्या आत येतात ती छिद्रे स्पंजने बंद करावीत. मातीची खापरे, वनस्पती व लाकडाचे ओंडके यांनी अंधाऱ्या जागा निर्माण कराव्यात.

पहिले दोन आठवडे

मासा आणल्यावर पिशवीतील पाण्यात पेटीचे पाणी थोडेथोडे मिसळत अर्धा ते पाऊण तास घालवावा. दिवे बंद करून मासा सोडावा आणि किमान एक दिवस पेटी अंधारी ठेवावी. पहिले काही दिवस तो अन्न घेईलच असे नाही. रात्री दिवे मालविल्यानंतर गांडुळाचे लहान तुकडे किंवा कायरोनोमसच्या अळ्या त्याच्या दडण्याच्या जागेजवळ टाकाव्यात व उरलेले अन्न सकाळी काढून घ्यावे. चपळ व अधाशी मासे सोबतीला असल्यास हे अन्न त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. तिलापियासारखे आक्रमक मासे तर कटाक्षाने टाळावेत.

या काळातील सर्वांत मोठा धोका आपल्या उत्सुकतेचा असतो. मासा दिसत नाही म्हणून वाळू उकरून पाहणे, काचेवर टिचक्या मारणे, विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी त्यास जाळीने बाहेर काढणे या कृतींमुळे तो पुनःपुन्हा भयग्रस्त होतो आणि अन्न घेणे लांबते. वास्तविक दिवसा वाळूत दडलेला वाम मासा निरोगी असण्याचीच शक्यता अधिक असते. याउलट, भर दिवसा वाळूवर उघडा पडून राहणारा, धापा टाकणारा, पाठीमागे बारीक होत जाणारा किंवा अंगावर पांढरे चट्टे असलेला मासा चिंतेचा विषय होय. अशा वेळी प्रथम पाण्याची तपासणी करावी. तांबेयुक्त औषधे व फॉर्मॅलिन या माशास सहसा सोसत नाहीत. म्हणून ती सरसकट वापरू नयेत.

अध्यापनातील उपयोग

विद्यार्थ्यांच्या गटांनी सायंकाळी मंद तांबड्या प्रकाशात नोंदी घ्याव्यात : मासा किती वाजता बाहेर आला, वाळूत कोणत्या पद्धतीने शिरला, गंधाने अन्नापर्यंत कसा पोहोचला, दडण्याची जागा बदलली काय. अनुकूलन, निशाचरता व अधिवासाची निवड या संकल्पना अशा नोंदवहीतून जितक्या स्पष्ट होतात तितक्या फॉर्मॅलिनच्या बरणीतील नमुन्यावरून होत नाहीत. ‘आज मासा दिसला नाही’ ही देखील एक नोंदच आहे, हे विद्यार्थ्यांस समजावून द्यावे.

मासे स्थानिक तलावातून आणावयाचे झाल्यास तलाव ज्यांच्या ठेक्यात आहे त्या मत्स्य सहकारी संस्थेची संमती घ्यावी. धीवर बांधवांचे माशांच्या सवयींविषयीचे ज्ञान विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष ऐकविणे हाही अध्यापनाचा भाग ठरू शकेल. दुकानातील माशांसोबत ठेवलेला मासा मात्र रोगप्रसाराच्या भीतीने पुन्हा तलावात सोडू नये. आवश्यक तेवढेच मासे आणणे, हाच यावरील उपाय होय.

निष्कर्ष

वाम माशास नव्या पेटीत स्थिरावण्यासाठी मऊ वाळू, परिपक्व पाणी, अंधार आणि अवधी या चार गोष्टी लागतात. पहिल्या तिन्हींचा खर्च फार नाही. चौथी मात्र शिक्षकाने स्वतः द्यावयाची असते. तळातील गाळ व वाळू हेच ज्याचे घर, त्या जीवाला पेटीत जगविताना तलावाच्या तळाचे मोलही विद्यार्थ्यांच्या ध्यानी येते. मालगुजारी तलावांच्या या जिल्ह्यात प्राणिशास्त्राच्या अध्यापनाने एवढे साधले तरी ते लहान फलित म्हणता येणार नाही.