पाणी न पिणारी माती

पर्यावरणपूरक जगण्याचे धडे देणारा एक तरी लेख हल्ली प्रत्येक दिवाळी अंकात असतो. कापडी पिशवी वापरा, दात घासताना नळ बंद ठेवा, गच्चीत चार कुंड्या लावा. भातकुलीच्या पारावर हे वाचून दाखवलं तर माणसं हसतील. नळ बंद ठेवायला आधी तो यावा लागतो, आणि हातपंपाच्या पाण्यानं चूळ भरली तर तोंड खारट होतं. कुंडीला ते पाणी घातलं की दोन उन्हाळ्यांत कुंडीतल्या मातीवर पांढरा थर चढतो. गेली कित्येक वर्षं मी वऱ्हाडातल्या खारपाण पट्ट्यात हिंडतो आहे, आणि माझं मत असं की काटकसरीनं जगणं शिकायचं तर याच लोकांकडून शिकावं. त्यांना ती हौस म्हणून परवडत नाही.

आधी गावाची ओळख, धावती. भातकुली अमरावतीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. तालुक्याचं गाव, जैनांचं जुनं तीर्थ. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी यानं वसवलेलं भोजकट ते हेच असं मानतात. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक ताम्रपटात भोजकट राज्याचा उल्लेख आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला इथं मुक्काम ठोकावासा वाटेल. मला मातीकडे जायचं आहे.

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाण पट्टा सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा. त्यात नऊशेच्या आसपास गावं येतात. माती काळी, खोल, दिसायला अशी की कोकणातला शेतकरी हेवा करील. पण खाली पाणी खारं आणि मातीत सोडियम जास्त. चांगल्या काळ्या मातीत चिकणमातीचे बारीक कण कॅल्शियममुळे एकमेकांना धरून राहतात, गुठळ्या होतात आणि गुठळ्यांमधल्या फटींतून पाणी खाली मुरतं. सोडियम वाढला की हे कण सुटे होतात, फुगतात, फटी बुजवतात. मग पाऊस पडला तर पाणी वरच तुंबतं, आणि ऊन तापलं की जमीन दगडासारखी होते. बोअर मारून तेच खारं पाणी शेताला दिलं तर पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. म्हणून इथं विहीर असूनही शेती कोरडवाहू. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना 1969 सालची; तिथले शास्त्रज्ञ अशा जमिनीला जिप्सम सुचवतात. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर तो निचरून जातो. अर्थात निचऱ्याला वाट असेल तर.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. या हट्टी मातीचा दोष लोकांनी डोक्यावर घेतला, अगदी शब्दशः. वऱ्हाड-खानदेशातली जुनी धाब्याची घरं बघा. भिंतींवर लाकडी सऱ्या, त्यावर किलच्या, त्यावर पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा थर, मग माती, आणि सगळ्यात वर खारी. खारी म्हणजे गावाजवळच्या पांढुरक्या, क्षारयुक्त जागेतली माती. मृगाच्या आधी बैलगाडीनं आणायची, धाब्यावर पसरायची, चोपून बसवायची. पहिल्या सरीत ती भिजली की फटी बंद. शेतात जे नको असतं, म्हणजे पाणी खाली न जाणं, तेच छपरावर हवं असतं. ना भट्टी, ना सिमेंट, ना डांबर. घर उन्हाळ्यात गार, आणि पडलंच तर सगळं परत मातीला मिळतं. एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? ते म्हणाले, "कोन शिकोते भाऊ? जे शेतात पानी पेत नाही, ते घरात कायले पाजन?"

अशी घरं आता मोजकीच उरली. दरवर्षी खारी चढवायला माणूस मिळत नाही, सऱ्यांना वाळवी लागते, आणि मुलाचं लग्न ठरवायला सोयरे आले की स्लॅब आहे का हे आधी बघतात. मी त्यांना नावं ठेवणार नाही. मे महिन्यात टिनाखाली झोपून पाहिलेल्या माणसाला मात्र धाब्याची आठवण हमखास येते.

हाच गुण शेततळ्यातही कामाला येतो. इतरत्र शेततळं खोदलं की तळाला प्लास्टिकचा कागद अंथरावा लागतो, नाहीतर दिवाळीपर्यंत तळं कोरडं. खारपाणात बहुतेक ठिकाणी कागदाशिवाय पाणी थांबतं, कारण तळाची माती स्वतःच कागदाचं काम करते. वर पडलेला पाऊस गोड. तो खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळायच्या आत धरून ठेवायचा. 2016 साली आलेली 'मागेल त्याला शेततळे' योजना आणि 2018पासूनचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प यांच्यामुळे या भागात शेततळ्यांची चर्चा वाढली. मुरलेल्या ओलीवर येणाऱ्या हरभऱ्याला फुलोऱ्याच्या सुमारास तुषार संचानं एखादं पाणी मिळालं तरी पीक हाती लागतं. पेरणी उताराला आडवी, मधूनमधून पाणी मुरवायला मोकळ्या सोडलेल्या मृतसरी, आणि जमलं तर खोल मुळांचा गावरान कापूस. विद्यापीठाचं 'एकेए 7' हे त्यातलंच वाण.

शेणखत, गांडूळखत, जीवामृत यांवर स्वतंत्र लेख होईल. जीवामृताचा प्रसार करणारे सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातल्याच बेलोऱ्याचे, 2016चे पद्मश्री. त्यांच्या दाव्यांवर कृषिशास्त्रज्ञांत वाद आहेत. माझ्या लेखी त्यांचं मोठं काम एवढंच की शेतकऱ्याला दुकानात जायच्या आधी स्वतःच्या गोठ्यात डोकावायला लावलं.

गाडगेबाबांना मात्र एका ओळीत उरकता येणार नाही. पूर्णेकाठचं ऋणमोचन भातकुली तालुक्यातलंच. 1905मध्ये घर सोडल्यानंतर बाबांनी आपल्या कामाच्या सुरुवातीच्या काळात इथं नदीवर घाट बांधवला. पौषातल्या रविवारी यात्रा भरते. 20 डिसेंबर 1956 रोजी त्यांनी देह ठेवला तो वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी. म्हणजे सुरुवात आणि शेवट दोन्ही याच परिसरात. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, हातात खराटा, आणि एकच गाडगं: ऊन असलं की डोक्यावर टोपी, भूक लागली की जेवणाचं ताट. एका वस्तूकडून इतकी कामं करून घेणारा माणूस मला दुसरा माहीत नाही. यात्रेत जेवणावळी उठल्या की बाबा आधी झाडायला लागत. शासनानं त्यांच्या नावानं 2000-01मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, गावं झाडली गेली, बक्षिसं मिळाली. पण बाबांच्या काळच्या उकिरड्यात पळसाच्या पत्रावळी असत आणि त्या सडून खत होई. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि पत्रावळ हे वऱ्हाडी पंगतीचं जुनं समीकरण. रोडगे टिकलेत, पत्रावळ गेली. 2018मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली; तरी देवळामागच्या नाल्यात डोकावलं तर बंदी कुठवर पोचली ते दिसतं.

पुन्हा पाण्याकडे. पूर्वी इथल्या बाया डाळ शिजवायला आणि चहाला पावसाचं पाणी राखून ठेवत. खाऱ्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, सरपण मात्र दुप्पट जळतं. आता गावोगाव वीस लिटरचे कॅन फिरतात. 'फिल्टरचं पाणी' म्हणून ते विकलं जातं. पण ही यंत्रं खारं पाणी गाळताना बरंच पाणी, कित्येकदा निम्म्याहून जास्त, अधिक खारट करून बाहेर टाकतात. ते नालीत जातं आणि हळूहळू त्याच जमिनीत उतरतं. म्हणजे गावात विकत घेतलेल्या प्रत्येक कॅनमागं गावच्या मातीत थोडं मीठ पडतं.

छपराचा हिशेब याहून सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पाचशे चौरस फुटांचं टिन म्हणजे साधारण 46 चौरस मीटर. बेताचा 700 मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा सांडला तरी पंचवीस हजार लिटरच्या वर पाणी पन्हाळीतून येतं. पाच माणसांच्या घराला पिण्या-रांधण्याला रोज 25 लिटर लागलं, तर पावसाळा सोडून आठ महिन्यांना सहा हजार लिटर पुरे. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दीड मीटर खोल असं टाकं एवढं पाणी धरतं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडायचं, म्हणजे छपरावरची धूळ आणि पाखरांची घाण निघून जाते. पुढचं पाणी वाळू-कोळशाच्या थरातून टाक्यात घ्यायचं. टाकं पक्कं झाकलेलं हवं. उजेड शिरला नाही तर शेवाळ धरत नाही, आणि फट नसली तर डासही होत नाहीत. प्यायच्या आधी उकळलं की झालं.

माझ्या ओळखीच्या एका घरी अशा टाक्याच्या झाकणाला कुलूप दिसलं. लेकरं आत पडू नयेत म्हणून असेल, असं मला वाटलं. घरच्या बाई म्हणाल्या, "तेही हाय. पन मे महिना लागला का शेजारीन गुंड घेऊन येते, मंग दुसरी येते. आमी देतो, पन मोजून देतो."