पंपाला घाबरू नका : सीओपीडीविषयीचे गैरसमज

गैरसमज : हा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार.
धूम्रपान हे मोठं कारण आहेच. पण जन्मात विडीला हात न लावलेल्या बायकांनाही सीओपीडी, म्हणजे श्वास अडवणारा फुफ्फुसांचा दीर्घकालीन आजार, होतो. फुंकणीने चूल पेटवताना, तव्यावर मिसरी भाजताना वर्षानुवर्षं धूर त्यांच्या छातीत गेलेला असतो. २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी सहलेखकासह मांडलेला अंदाज असा, की २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. म्हणून आईचा खोकला महिनोन्महिने हटत नसेल, दोन पायऱ्या चढून धाप लागत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. स्पायरोमेट्री करून घ्या. नळीत जोराने फुंकायचं, एवढीच ती तपासणी.

गैरसमज : पंपाची (इनहेलरची) सवय लागते, तो अगदी शेवटी घ्यावा.
सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने होतं. पंपाचं व्यसन लागत नाही. आजार रोजचा आहे, म्हणून औषध रोजचं. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मोठ्या गोळीच्या चाळिसाव्या हिश्श्याइतकंच औषध असतं. ते थेट श्वासनलिकेत पोचतं, म्हणून तेवढं पुरतं. गोळी मात्र रक्तातून अंगभर फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते. तरी लोक गोळीला सौम्य आणि पंपाला कडक म्हणतात!

पंपाने गुण येत नाही, अशी तक्रार असेल तर आधी घेण्याची पद्धत तपासा. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून सावकाश श्वास ओढायला लागताच दाबा आणि दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखा. हे जमत नसेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा. कॅप्सूलच्या पावडरचं उपकरण असेल तर तिथे जोराने ओढायचं; ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही आहेत! औषधात स्टिरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशी होऊ शकते.

गैरसमज : दम लागतो, तर बसून राहावं.
बसून राहिलं की मांड्यांचे स्नायू झिजतात आणि तेवढ्याच कामाला आणखी दम लागतो. डॉक्टरांना विचारून रोज चाला. नाकाने श्वास घ्या, शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ सोडा. जिना चढताना श्वास सोडत दोन पायऱ्या चढा, थांबून श्वास घ्या. आंघोळ स्टुलावर बसून करा. यात कमीपणा काहीच नाही. वाचलेला दम नातवंडांशी गप्पा मारायला कामी येतो.

गैरसमज : ऑक्सिजन जितका जास्त, तितका बरा.
नाही. तीव्र त्रासात बहुतेक सीओपीडी रुग्णांसाठी रक्तातल्या ऑक्सिजनची ८८ ते ९२ टक्के पातळी पुरते. जास्त दिल्यास काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी येते. घरी ऑक्सिजनचं यंत्र असेल तर त्याचा वेग स्वतःहून वाढवू नका.

चुलीच्या धुरासारखाच डासांच्या कॉइलचा धूरही घातक. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत जातात, असं २००३ च्या एका अभ्यासात दिसलं. घरात सीओपीडीचा रुग्ण असेल तर मच्छरदाणीच लावा.

फुफ्फुसांची झालेली हानी भरून येत नाही, पण त्रास कमी करता येतो. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना पंप बरोबर न्या आणि तुम्ही तो कसा घेता, हे डॉक्टरांना प्रत्यक्ष करून दाखवा.